अकरा वाडे, सहा जण आणि ४३ टक्के : एका एम.आर्क. प्रबंधाचं प्रकरण

हे प्रकरण आमच्या विभागात घडलं : एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाला वाङ्मयचौर्याच्या तपासणीत ४३ टक्के साम्य निघालं. त्या विद्यार्थिनीची गाईड मीच होते, त्यामुळे यातल्या काही चुका माझ्या आहेत. संबंधितांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून महाविद्यालय, विद्यापीठ आणि नावं दिलेली नाहीत, काही तपशीलही बदलले आहेत. पदव्युत्तर वास्तुकलेच्या नियमांशी ज्यांचा रोजचा संबंध येतो अशा गाईड, समन्वयक आणि विद्यार्थ्यांना हे उपयोगी पडावं.

पार्श्वभूमी

अभ्यासक्रम एम.आर्क. (वास्तुकलेची पदव्युत्तर पदवी), वास्तुजतन. दोन वर्षं, चार सत्रं. तिसऱ्या सत्रात एखाद्या जुन्या गावाचा स्टुडिओ, म्हणजे प्रत्यक्ष जागेवरचा गटप्रकल्प, असतो आणि चौथं सत्र जवळजवळ सगळं थिसिसचं. त्या वर्षी आम्ही वाई घेतली होती. कृष्णेच्या घाटांना लागून असलेल्या आळ्यांमध्ये अजून राहते वाडे आहेत. सहा जणांच्या एका गटाला ब्राह्मणशाही आणि गणपती आळीच्या परिसरातले अकरा वाडे मोजायला दिले.

वाडा मोजणं हे एकट्याचं काम नाही, हे या प्रकरणात फार महत्त्वाचं आहे. दोघं टेप धरतात, एक जण कच्चं स्केच काढतो, एक जण आकडे लिहितो. जुन्या वाड्यात एकही खोली काटकोनात नसते, म्हणून प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्यावे लागतात. ते चुकले तर घरी येऊन प्लॅन जुळत नाही आणि पुन्हा वाईला जावं लागतं. हा गट तीनदा गेला. शेवटी जे तयार झालं ते असं : अकरा वाड्यांचे प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन आणि १४० पानांचा एकत्र अहवाल. त्यात गावाचा इतिहास, प्रत्येक वाड्याचं खणाखणाने (खांबांमधल्या एकेका भागाने) वर्णन, लाकूडकाम आणि चुन्याच्या कामाची अवस्था, शेवटी शब्दसूची.

अहवाल सहा जणांच्या नावावर होता. लिहिला मात्र बराचसा एकीने, याच विद्यार्थिनीने. ती साताऱ्याकडची. वाड्यांमधल्या म्हाताऱ्या माणसांशी तिचं पटकन जमायचं. कोणती पडवी नंतर जोडली, माडी कधी काढून टाकली, हे तिने ओसरीवर बसून विचारून घेतलं होतं.

चौथ्या सत्रात सहांपैकी तिघांनी थिसिससाठी वाईच निवडली. तिचा विषय एका वाड्याचा पुनर्वापर, एका वर्गमित्राचा घाटालगतच्या इमारतींसाठी नियमावली, तिसरीचा पावसाच्या पाण्याने होणारं नुकसान. तिघांनीही एकत्र अहवालातली दोन प्रकरणं आपापल्या प्रबंधात जशीच्या तशी घेतली. मला ते दिसत होतं. आधीच्या तुकड्यांनीही तसंच केलं होतं, त्यामुळे त्यात काही विचारायचं आहे असं माझ्या मनातही आलं नाही.

अडचण

त्याच वर्षी विद्यापीठाने पदव्युत्तर प्रबंधांचीही सिमिलॅरिटी तपासणी सक्तीची केली, म्हणजे मजकूर आधीच्या लेखनाशी किती टक्के जुळतो ते सॉफ्टवेअरने पाहायचं. आमच्याकडे तोवर ती पीएच.डी.पुरतीच चालायची.

वर्गमित्राचा प्रबंध शुक्रवारी अपलोड झाला. आकडा १२. तिचा सोमवारी झाला. आकडा ४३. सॉफ्टवेअरने सर्वांत मोठा स्रोत म्हणून वर्गमित्राचा प्रबंध दाखवला होता. शुक्रवारी आलेला मजकूर साठ्यात गेला आणि सोमवारी आलेला त्याच्याशी जुळला, एवढंच घडलं होतं. तो मजकूर कुणी लिहिला हे सॉफ्टवेअरला कळण्याचा काही मार्ग नव्हता. ज्या पानांवरून ती चोर ठरत होती, ती पानं तिनेच लिहिली होती.

आता नियम काय म्हणतो ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्य रोखण्याविषयीचे विनियम २०१८ सालचे आहेत. ते पदव्युत्तर प्रबंधांनाही लागू आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सुधारित प्रबंध द्यायचा, त्यासाठी जास्तीत जास्त ६ महिने. ४० ते ६० असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. तिचा आकडा ४३. व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, बारा दिवसांवर आली होती. परीक्षा विभागातून फोन आला तो एका वाक्याचा : "मॅडम, ही लेव्हल टू आहे, वर्ष जाणार."

तिच्यासाठी वर्ष जाणं म्हणजे काय? आर्किटेक्ट म्हणून नोंदणीला काही धक्का नव्हता, कारण कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडची नोंदणी बी.आर्क.वर होते आणि ती तिच्याकडे होती. पण तिला शिकवायचं होतं, आणि त्यासाठी पदव्युत्तर पदवी हवी. एका महाविद्यालयात जूनपासून तासिका तत्त्वावर घेऊ, असं तिला तोंडी सांगितलेलं होतं.

आकड्याच्या आत काय होतं

हे आम्ही पहिल्या दिवशी करायला हवं होतं, केलं चौथ्या दिवशी. तपासणीच्या अहवालाची सगळी पानं छापून, पाच रंगांचे हायलायटर घेऊन बसलो. ४३ टक्क्यांची फोड साधारण अशी निघाली. एकत्र अहवालातला मजकूर १६. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतले (२०२० ची, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात) उतारे ६, व्हेनिस आणि बुरा चार्टर या वास्तुजतनाच्या सनदांमधल्या व्याख्या ३. संदर्भसूची, अनुक्रमणिका आणि ऋणनिर्देश ६. तिने स्वतःच एका परिषदेत वाचलेला आणि नेटवर असलेला निबंध ५. साताऱ्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमधलं वाईचं वर्णन ४. उरलेले ३ टक्के चुन्याच्या कामाविषयीचे तीन परिच्छेद होते. ते दुसऱ्या एका विद्यापीठातल्या जुन्या प्रबंधातून आले होते आणि त्यांना संदर्भ नव्हता.

२०१८ च्या विनियमांतच काय वगळायचं ते लिहिलेलं आहे : श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, सर्वसामान्य संज्ञा, कायदे, प्रमाणित चिन्हं आणि समीकरणं. सलग १४ शब्दांपर्यंतच्या योगायोगाच्या जुळण्याही धरायच्या नाहीत. आमच्या तपासणी अहवालात संदर्भसूची वगळण्याचा पर्यायच चालू केलेला नव्हता. नियमावलीच्या उताऱ्यांना अवतरणचिन्हं नव्हती, म्हणून तेही मोजले गेले. हे दोन्ही बाजूला काढले तर आकडा एकतीसच्या आसपास येत होता. म्हणजे वर्ष जाण्याचा प्रश्न एका न दाबलेल्या बटणापाशी आणि अवतरणचिन्हांपाशी अडला होता.

पण म्हणून सगळं ठीक होतं असं मी म्हणणार नाही. एकतीससुद्धा लहान आकडा नाही. आणि ते तीन टक्के खरे होते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांनी सुचवला, सहकाऱ्यांनीही : शब्द फिरवायचे, पुन्हा अपलोड करायचं, आकडा खाली आणायचा. औपचारिक तक्रार झालेली नव्हती, त्यामुळे वाट मोकळी होती. मी तिला ते करायला सांगितलं. हा माझा निर्णय होता आणि तो चुकीचा होता.

दोन दिवस ती शब्द बदलत बसली. प्रबंध इंग्रजीत, पण वाड्याच्या भागांची नावं मराठीच होती. सोपा, ओसरी, पडवी या तिन्ही शब्दांच्या जागी व्हरांडा आला. खणाच्या जागी मॉड्यूल आला. आकडा ४३ वरून ३५ वर उतरला. म्हणजे आम्ही चाळीसच्या खाली आलो होतो, वर्ष जाण्याचा प्रश्न उरला नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आली आणि म्हणाली, "मॅडम, माझ्या प्लॅनवर ओसरी लिहिलंय आणि मजकुरात व्हरांडा. ज्युरीत कुणी विचारलं, हा कुठला व्हरांडा, तर मी काय सांगू?"

चौकाला लागून असलेली ओसरी, पुढून मोकळा बैठकीचा सोपा आणि मागे उतरत्या छपराची पडवी यांचा वापर वेगळा, त्यात बसणारी माणसं वेगळी, छप्पर वेगळं. वाड्याचा पुनर्वापर सुचवणाऱ्या प्रबंधातून हा फरक गेला तर उरतं काय? आम्ही तिथेच थांबलो आणि मूळ मजकूर परत आणला.

दुसरा पर्याय होता नियमच नाकारायचा. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं होतं की कोल्हापूरच्या वास्तुकला महाविद्यालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये वास्तुशिक्षणाबाबत कौन्सिलचा शब्द अंतिम मानला आहे, तेव्हा आयोगाचे नियम आपल्याला लागूच नाहीत. हे मी आणखी दोन ठिकाणी ऐकलं आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. तो वाद अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद आणि कौन्सिल यांच्यातला होता. वास्तुशिक्षणाची मानकं कोण ठरवणार, हा त्याचा विषय होता. पदवी विद्यापीठ देतं, आणि वाङ्मयचौर्याचे विनियम विद्यापीठांना लागू आहेत. त्या निकालाचा आधार घेऊन इथून सुटका नव्हती.

तिसरा पर्याय, प्रबंध मागे घेऊन पुढच्या सत्रात द्यायचा. सहा महिने जाणार आणि कागदावर काहीच स्पष्ट होणार नाही.

चौथा पर्याय आम्ही निवडला : प्रकरण आपणहून विभागाच्या शैक्षणिक सचोटी समितीकडे द्यायचं. धोका उघड होता. समितीला अहवाल द्यायला ४५ दिवस असतात, तिथून ते संस्थेच्या समितीकडे जातं आणि तिलाही ४५ दिवस असतात. नेहमीची व्हायवा हातची जाणार हे नक्की होतं. मी तिला दोन्ही बाजू सांगितल्या आणि एक दिवस घरी बोलून ये म्हटलं. ती दुसऱ्या दिवशी आली ती अर्ज लिहूनच.

समितीपुढे

विनियमांप्रमाणे विभागाच्या समितीत तिघे असतात : विभागप्रमुख अध्यक्ष, विभागाबाहेरचे एक ज्येष्ठ प्राध्यापक आणि तपासणीच्या सॉफ्टवेअरचा जाणकार. आमच्याकडे बाहेरचे सदस्य इतिहास विभागातले होते. या प्रकरणाला वळण त्यांच्यामुळे मिळालं. त्यांनी टक्केवारीचा कागद उलटा ठेवला आणि विचारलं, "मोजमापाच्या वह्या आहेत का?"

वह्या होत्या. तारखा घातलेल्या, चिखलाचे डाग पडलेल्या, पाच वह्या. एकत्र अहवाल गूगल डॉकमध्ये लिहिला होता, त्याची व्हर्जन हिस्टरी उघडता आली. कोणता परिच्छेद कुणी, कधी टाइप केला ते ओळीने दिसत होतं. वादग्रस्त दोन प्रकरणांमधला तीन चतुर्थांशाहून जास्त मजकूर तिच्या खात्यातून आलेला होता. वर्गमित्रालाही बोलावलं होतं. त्याने न विचारताच सांगितलं, "सर, ते तिनेच लिहिलंय. आम्ही सगळे तेच वापरणार होतो."

मग त्यांनी ड्रॉइंग मागवली. सॉफ्टवेअर ड्रॉइंग वाचत नाही. वास्तुकलेच्या प्रबंधात सर्वांत जास्त कष्ट जिथे असतात, ते शीट या तपासणीच्या बाहेरच राहतात. स्टुडिओच्या मूळ शीटवर टायटल ब्लॉकमध्ये (नावं आणि विषय लिहायच्या चौकटीत) सहा जणांची आद्याक्षरं होती. थिसिसच्या शीटवर तोच प्लॅन, तेच आकडे, आणि नाव फक्त एक. तिघांच्याही प्रबंधांत असंच होतं. तिच्याही.

कारण साधं होतं. विद्यापीठाच्या ठरलेल्या नमुन्यात टायटल ब्लॉकमध्ये परीक्षार्थीचं नाव, गाईडचं नाव, विषय आणि शीट क्रमांक एवढ्याच जागा आहेत. मुलांनी नमुना पाळला, मी त्याखाली सही केली. ते शीट बराच वेळ टेबलावर पसरलेले होते. ज्या गोष्टीवरून तिच्यावर अन्याय होतोय असं मला वाटत होतं, तीच गोष्ट तिच्या शीटवर इतर पाच जणांच्या बाबतीत झालेली होती, आणि सही माझी होती.

चुन्याच्या तीन परिच्छेदांविषयी तिला विचारलं तेव्हा तिने काही सावरून घेतलं नाही. साइटवर जाताना तिने तो जुना प्रबंध वाचून वहीत उतरवून घेतला होता, स्रोत लिहिला नव्हता, आणि सहा महिन्यांनी ते आपलंच टिपण समजून टाइप केलं. समितीने त्याला निष्काळजीपणा म्हटलं, पण चूक म्हणूनच नोंदवलं. ते बरोबर होतं.

निकाल

समितीने १९ दिवसांत अहवाल दिला. नियमावलीचे उतारे आणि संदर्भसूची मोजायची नाही. चार्टरच्या व्याख्या कायद्यात बसत नाहीत, त्यांना अवतरणचिन्हं आणि संदर्भ द्यावा. एकत्र अहवालातला मजकूर चोरलेला नाही, पण श्रेयाशिवाय सादर केला आहे. स्वतःच्या आधीच्या निबंधाचाही उल्लेख हवा होता. एकूण प्रकरण पहिल्या पातळीचं (१० ते ४० टक्के), सुधारित प्रबंध तीन आठवड्यांत द्यावा. संस्थेच्या समितीने महिन्याभरात ते मान्य केलं.

सुधारताना तिने काहीही फिरवून लिहिलं नाही. एकत्र प्रकरणं परिशिष्टात गेली, सहाही नावांसह. मुख्य भागात तिने निवडलेल्या एका वाड्याचं वर्णन नव्याने लिहिलं, आणि ते आधीपेक्षा चांगलं झालं, कारण आता तिला अकरा वाड्यांचं ओझं वाहायचं नव्हतं. ओसरी ओसरीच राहिली. चुन्याचा भाग तिने काढून टाकला आणि त्याऐवजी गावातल्या एका जुन्या गवंड्याची मुलाखत टाकली, नाव आणि तारीख घालून.

व्हायवा ठरल्यापेक्षा तीन महिन्यांनी झाली. चांगली झाली. पण जूनमधलं शिकवण्याचं काम गेलं, त्या महाविद्यालयाने थांबायला नकार दिला. पुढचे आठ महिने तिने एका ऑफिसात नोकरी केली आणि मग दुसरीकडे शिकवायला लागली. तिसऱ्या विद्यार्थिनीचा प्रबंध अपलोडच झाला नव्हता, तिला आधीच सगळं दुरुस्त करता आलं.

वेगळं काय करता आलं असतं

आकडा आला त्याच दिवशी फोड करायला बसले असते, तर ते दोन दिवस वाचले असते आणि तिला आपलंच लेखन बिघडवायला लावलं नसतं. हे मला सर्वांत जास्त लागतं. शब्द फिरवायला सांगणारी मी एकटी गाईड नाही, हेही मला ठाऊक आहे. परीक्षा जवळ आली की कॉरिडॉरमध्ये हाच सल्ला चालतो. त्याने फक्त मशीनपुढचा आकडा बदलतो. श्रेय ज्याचं बुडालं, त्याचं बुडालेलंच राहतं.

तपासणी सबमिशनच्या वेळी न करता साठ टक्के काम झाल्यावर, सिनॉप्सिसनंतरच्या पहिल्या ज्युरीआधी करायला हवी होती. आता आम्ही तशी करतो, आणि कोणते पर्याय चालू ठेवून तपासलं ते अहवालावर लिहितो. तिन्ही प्रबंध एकाच दिवशी दिले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. आकडे वेगळे आले असते, अडचण तीच राहिली असती.

महत्त्वाचा बदल साइटवर जायच्या आधीचा आहे. आता गट निघण्यापूर्वी एक पानाचा कागद होतो : मोजमाप कुणाचं, लेखन कुणाचं, थिसिसमध्ये कोण काय वापरणार, आणि कसं श्रेय देणार. स्टुडिओचा एकत्र अहवाल सगळ्यांच्या नावांनी ग्रंथालयात जमा होतो, म्हणजे नंतर प्रत्येकाला तो रीतसर उद्धृत करता येतो. हे बोलणं पहिल्या वेळी अवघड गेलं. मित्रामित्रांत कसला कागद, असं मुलांना वाटलं. दुसऱ्या वर्षी त्यांनीच तो नमुना सुधारून आणला, त्यात टेप धरणाऱ्यांसाठीही रकाना घातला.

टायटल ब्लॉकमध्ये "मोजमाप" अशी एक ओळ वाढवावी, असा प्रस्ताव आम्ही अभ्यास मंडळाकडे दिला आहे. तो मंजूर होईपर्यंत शीटच्या खालच्या पट्टीत, चौकटीबाहेर, बारीक अक्षरात नावं लिहून घेतो.

वास्तुकलेला या तपासणीतून सूट द्यावी असं मात्र मला वाटत नाही. ते तीन परिच्छेद तपासणीमुळेच सापडले.

एक काम राहिलं आहे. वर्गमित्राचा प्रबंध, आकडा दहाच्या वर असूनही, १२ टक्क्यांवर पास झाला, पदवी मिळाली, तो ग्रंथालयात आहे. त्यात एकत्र प्रकरणं त्याच्या एकट्याच्या नावावर आहेत. हे बदलावं असा अर्ज त्याने स्वतःच केला. ग्रंथालयाने सांगितलं की सहाही जणांच्या सह्यांचं पुरवणी पान असेल तर प्रबंधाला जोडता येईल. पान तयार आहे, पाच सह्या झाल्या आहेत. सहावा मुलगा दुबईत नोकरीला आहे. त्याच्या सहीची वाट पाहतो आहोत, आणि तोवर त्या अकरा वाड्यांवर एकच नाव आहे.